वरचा माळा नका घेऊ

नागपुरात माणसाला एकट्यानं गोंधळून उभं राहता येत नाही. बर्डीवर व्हेरायटी चौकात हातात एखादा कागद धरून, मान वर करून नुसते पाट्या वाचत उभे राहा. पानठेल्यावरचा कुणीतरी तोंडातला खर्रा एका गालात सरकवून विचारतोच, "कुठी जाऊन राहिले भाऊ?" तुम्ही ठिकाण सांगता. तो रस्ता सांगतो. मग त्या रस्त्यानं का जाऊ नये तेही सांगतो, "तिकडून पुरं खोदून ठेवलं आहे." मग ज्या कामाला निघालात त्या कामाला आजचा वार बरा नाही, साहेब आज जागेवर भेटतच नाहीत, हेही सांगतो. तेवढ्यात दुसरा एक जण येतो आणि पहिल्याचं सगळं खोडून काढतो. दोघांची जुंपते आणि तुम्हाला दोघंही विसरतात. रस्ता मात्र तुम्हाला सापडलेला असतो, कारण भांडताना दोघांचे हात एकाच दिशेला चाललेले असतात.

तिथून जवळच झिरो माइलचा खांब आहे. ब्रिटिशांनी देशाची मोजणी केली त्या काळातला. शेजारी दगडी घोडे, आणि दगडावर गावांची अंतरं कोरलेली: हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, चांदा १२५. देशाचा मध्य नेमका इथंच की आणखी कुठे, यावर जाणकारांमध्ये मतभेद आहेत, आमच्यात नाहीत. मला मात्र त्या खांबाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. विचारलं तेवढंच सांगणारा अख्ख्या शहरात तो एकटा आहे. हैदराबाद ३१८ मैल म्हणतो आणि गप्प राहतो. "पण एवढ्या उन्हाचं कशाला जाता?" असं विचारत नाही.

बाकी सगळे विचारतात. आणि सकाळी जास्त विचारतात, कारण सकाळी तर्री पोह्यांचे ठेले लागतात. वाफेवर ठेवलेले पिवळे पोहे, त्यावर चण्याची लाल तर्री, वरून बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड. बसायला जागा नसते, म्हणून बसूनच करायच्या त्या औपचारिक गोष्टी इथं होत नाहीत. नाव, गाव, धंदा कुणी विचारत नाही. हातात प्लेट असते, तोंडात आग असते, आणि शेजारचा माणूस एकदम मुद्द्यावर येतो. प्लेट संपली की ओळख संपली.

आम्ही घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोहे खात उभा होतो आणि बगलेत एका बिल्डरचा गुळगुळीत रंगीत कागद होता. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ. कागदावरची झाडं, पोहण्याचा तलाव आणि हसणारं कुटुंब त्यांनी माझ्या काखेतूनच पाहून घेतलं.

"कितव्या माळ्यावर?"

"सहाव्या. सगळ्यात वरचा."

"वरचा माळा नका घेऊ."

एवढं बोलून ते पुन्हा खाऊ लागले. मला वाटलं, झालं. पण एक घास गिळून त्यांनी चमच्यानं पोह्यांचा ढीग सपाट केला, त्यावर तर्रीतला रस्सा पसरवला आणि म्हणाले, "हे खालचं तुमचं घर, हे वरचं लाल म्हणजे स्लॅब. दिवसभर तापते. सूर्य बुडाला म्हणून ते काय थंडी होते? दिवसा ते वर तापते, रात्री ते खाली तापवते. रात्री एक वाजता छताकडे हात करून पाहा. भाकर भाजून निघंन." त्यांनी गच्चीला चुना मारून पाहिला होता, पांढरा रंग लावून पाहिला होता, संध्याकाळी पाण्यानं भिजवून पाहिली होती. मग पाण्यावरून सोसायटीत भांडण झालं. "बायको दर मे महिन्यात माहेरी जाते. लोक म्हणतात, किती जीव आहे हिचा माहेरावर." मग ठेलेवाल्याकडे वळून, "थोडी तर्री मार बे अजून," आणि पाच मिनिटांत गाडीला किक मारून माणूस गायब. नाव काय, राहतात कुठे, काही कळलं नाही. आम्ही तिसऱ्या माळ्यावर घर घेतलं.

याच घरासाठी घरच्यांनी दिलेले सल्लेही ऐकण्यासारखे होते. मामांचं म्हणणं, दार पूर्वेलाच हवं. मेहुण्याचं म्हणणं, वरचा माळाच घ्या, हवा छान येते. (हवा छान येते यात वाद नाही. मे महिन्यातही येते.) मेहुण्याचं मी ऐकलं नाही म्हणून तो दोन दिवाळ्या जरा कमीच बोलला. मामांचं अर्धं ऐकलं, तर घरात कुणाला सर्दी झाली तरी ते उरलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवतात. नातेवाइकाचा सल्ला फुकट नसतो, उधार असतो. आणि वसुली लग्नाच्या मांडवात, चार लोकांसमोर होते. पोह्यांच्या ठेल्यावरचा माणूस वसुलीला येत नाही. आपण ऐकलं की नाही, हे पाहायला तो मागे वळतही नाही.

'फुकटचा सल्ला' असं आपण नाक मुरडून म्हणतो, ते मला म्हणूनच पटत नाही. त्या गृहस्थांनी त्या एका वाक्यासाठी काय काय भरलं होतं ते बघा: घराचे हप्ते, चुना, पांढरा रंग, पाण्यावरून भांडण, आणि दर मे महिन्यात बायकोचा विरह. मला ते वाक्य फुकट मिळालं याचा अर्थ त्याची किंमत नव्हती असा नाही. किंमत आधीच चुकती झाली होती, दुसऱ्या खिशातून.

पोह्यांचा ठेला हा अर्थात पुरुषांचा दरबार. सकाळी सातला हातात प्लेट घेऊन रेंगाळायची मुभा घरात कुणाला असते, हे सांगायला नको. बायकांचे दरबार वेगळे: दवाखान्यातली बाकडी, रेल्वेचा लेडीज डबा, भाजीबाजार. आणि तिथले सल्ले जास्त धारदार, कारण ते विक्रेत्याच्या तोंडावर दिले जातात. गोकुळपेठेच्या बाजारात मी एकदा संत्री निवडत होतो. पुरुषासारखीच निवडत होतो, म्हणजे चकचकीत, गोल, घट्ट सालीची. शेजारच्या आजींनी, त्यांचा माझा काही संबंध नसताना, माझ्या पिशवीतून एक संत्रं काढून परत ढिगावर ठेवलं.

"हे शोभेचं आहे. ढिलं घ्या. साल हाताला पोकळ लागली पाहिजे."

"आजी, धंद्याच्या टायमाला काऊन बोलून राहिल्या?" संत्रेवाला कळवळला.

"तू घरी कोणतं नेतो, ते सांग त्यांना."

त्यानं काही सांगितलं नाही, पण हसला, आणि पुढची चार संत्री त्यानंच काढून दिली. सुरकुतलेली, दिसायला गरीब, आणि गोड. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सैल साल ही या संत्र्याची खूणच आहे. पण त्या मानांकनाच्या कागदपत्रांनी मला जे शिकवलं नसतं ते आजींच्या एका प्रश्नानं शिकवलं. तू घरी कोणतं नेतो? सल्ला पारखायला याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

अनोळखी माणसाला मनातलं विचारायची गरज आजची नाही. इंग्लंडात जॉन डंटन नावाच्या एका पुस्तकविक्यानं १६९१ साली एक पत्रिका काढली, तिचं पुढे 'अथेनियन मर्क्युरी' असं नाव झालं. वाचकांनी नाव न सांगता काहीही विचारावं, प्रेमापासून परलोकापर्यंत, आणि विद्वानांचं एक मंडळ त्याला उत्तर देईल, अशी जाहिरात. पत्रांचा पाऊस पडला. ते विद्वानांचं मंडळ म्हणजे प्रत्यक्षात डंटन स्वतः, रिचर्ड सॉल्ट नावाचे एक गणिताचे मास्तर, आणि डंटनचे सख्खे साडू सॅम्युएल वेस्ली. सगळं लंडन ज्यांना अनोळखी पंडित समजून मनातलं सांगत होतं, त्यात निदान दोघं एकमेकांचे साडू होते! घरातल्या बैठकीत या दोघांना एकमेकांचा सल्ला कितपत पटत असेल, याची कल्पना कोणाही मराठी माणसाला येईल.

आपल्याकडेही हे काम एका गणिताच्याच माणसानं केलं, आणि फार मोठ्या धीरानं केलं. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी सोडावी लागली, तरी थांबले नाहीत. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये वारले तोपर्यंत चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. कसले प्रश्न? जे आईला विचारता येत नाहीत, मित्राला विचारले तर तो गावभर करतो, आणि डॉक्टरला विचारायचे तर डॉक्टर वडिलांच्या ओळखीचा निघतो. शरीराचे, लाजेचे, रात्री झोप उडवणारे. कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत, गणित सोडवावं तशी. ना चुचकारणं, ना दरडावणं.

१९३४ साली याच उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पहिला नव्हता तो. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्या काळचे दोनशे रुपये, आणि मासिक आधीच तोट्यात. ज्यांच्यासाठी दंड भरला त्या वाचकांची तोंडंही कर्व्यांनी कधी पाहिली नसतील. 'फुकटचा सल्ला' म्हणताना मला हे दोनशे रुपये आठवतात.

कर्व्यांकडे पत्र टाकणाऱ्याला एक मोठी सोय होती. पत्र पाठवायचं, आणि उत्तर आलं तरी आपण कोण हे कुणाला कळत नाही. पोह्यांचा ठेला सोडला तर नागपुरात ही सोय टिकवणं कठीण. इथं माणूस फार तर तीन वाक्यं अनोळखी राहतो. चौथ्या वाक्याला, "तुम्ही मूळचे कुठले?" पाचव्याला आडनाव. सहाव्याला, "मंग ते अमुक तुमचे कोण?" आणि ते अमुक कोणीतरी निघतातच. मग आत्तापर्यंतचा मोकळा सल्ला एकदम सांभाळून येऊ लागतो.

माझ्या भाचीला याचा अनुभव सातासमुद्रापार आला. ती न्यू जर्सीत असते. एका रविवारी तिला गोळाभात करायची हुक्की आली. नागपूर सोडलं की माणसाला सावजीची आठवण पहिल्या आठवड्यात येते आणि गोळाभाताची तिसऱ्या वर्षी. ती येते तेव्हा मात्र फार जोरात येते. तर तिचे गोळे भातात विरघळून गेले. आईला विचारलं तर आई आधी "मी असताना शिकली नाहीस" पासून सुरू करणार, म्हणून तिनं फोनवरच्या एका गटात ओळखदेख नसलेल्या मराठी बायकांना विचारलं. उत्तरं ढिगानं आली. एकीनं लिहिलं, बेसन घेऊ नकोस, हरभऱ्याच्या डाळीचा जाड भरडा घे. दुसरीनं लिहिलं, मोहन कमी पडलं असेल. तिसरीनं नुसतं "अगं सोपं असतं" असं लिहिलं. तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. चौथीनं लिहिलं, "माझेपण फुटले होते, लग्नानंतर पहिल्यांदा, सासऱ्यांच्या ताटात. भात अर्धाअधिक शिजून पाणी आटत आलं की वर गोळे ठेव आणि मग झाकण उघडू नको. मी दर दोन मिनिटांनी उघडून पाहत होती, त्यानंच बिघडलं." भाचीनं चौघींतून चौथीचं ऐकलं. गोळे अख्खे राहिले. वरून फोडणीचं गरम तेल घालून ती आणि नवरा तृप्त झाले.

इथंच थांबायला हवं होतं. पण चौथीनं विचारलं, "तू नागपूरची कुठली?" ही म्हणाली, महाल. तिनं विचारलं, महालात कुठे? दोघींनी अर्धी रात्र गल्ल्या मोजल्या, आणि शेवटी चौथी ही भाचीच्या मामेसासूच्या नणंदेची जाऊ की अशी काहीतरी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात माझ्या बहिणीचा फोन वाजला. "का हो, पोरगी तिकडे भात करपवते म्हणे!" भात करपला नव्हता, गोळे फुटले होते. पण एकदा नातं निघालं की तपशील असेच बदलतात.

फोनवर चौथीसारखी माणसं भेटतात, ही त्या यंत्राची पुण्याई. पण त्याच यंत्रातून दुसरा एक सल्ला येतो, ज्याच्यामागे माणूसच नसतो. ३० मे २०२४ आठवा. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंशांची नोंद केली. शहराचा आजवरचा उच्चांक ४७.९, तोही २३ मे २०१३चा. एकदम आठ अंशांची उडी. संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीतला प्रत्येक फोन सल्ल्यांनी फुगला. गाडीची टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल. थंड पाणी पिऊ नका, शिरा फुटतील. प्रत्येकाखाली "पुढे पाठवा". आमचे एक शेजारी भर दुपारी घराघरांत जाऊन सांगत होते की कुणी उन्हात बाहेर पडू नका. पुढे हवामान खात्यानं खुलासा केला की त्या केंद्राच्या यंत्रातच बिघाड होता. पण पाठवणाऱ्यांपैकी कुणाची टाकी फुटली नव्हती, की कुणाची शीर. त्या सल्ल्यासाठी कुणीच काही मोजलेलं नव्हतं, म्हणून तो मागे घ्यायलाही कुणी आलं नाही.

यापेक्षा आमची आजी परवडली. उन्हात निघालं की खिशात कांदा कोंबायची आणि त्याआधी पेलाभर कैरीचं पन्हं पाजायची. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही. काम करत होतं ते पन्ह्यातलं पाणी, मीठ आणि साखर. पण दोन्ही सल्ले एकाच हातचे होते, आणि तो हात संध्याकाळी कपाळाला लागायचा. चुकला सल्ला तर आजी घरातच सापडायची.

निनावी सल्ला सगळाच टाकाऊ, असं मात्र म्हणता येत नाही. नागपूरकराला तर नाहीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची प्रथा १८८१ पासूनची सांगतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, आणि त्यांच्या अंगावर लावलेल्या फलकांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांना खडे बोल. कुणी लिहिले, विचारायचं नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं हे शहर वर बसलेल्यांना असं सहीशिवाय समजावत आलं आहे. ऐकलं किती, तो वेगळा विषय. पण त्या फलकांमागे महागाई सोसलेली माणसं असतात, त्यामुळे मजकूर खोटा वाटत नाही.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी कुणी अनोळखी माणूस काही सुचवू लागला, तर आधी त्याला विचारा, "तुम्ही केलं होतं का?" बहुतेक जण इथंच आवाज खाली आणतात. उरतात त्यांचं ऐका. आडनाव मात्र विचारू नका.

आता मीही तुमच्यासाठी अनोळखीच, तेव्हा एक सुचवून टाकतो. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद करून कूलर चालवला तर आतली ओल आतच कोंडते आणि तासाभरात खोली गार व्हायच्या ऐवजी चिकट होते. मी केलं आहे का? रोज रात्री करतो. डास येतात. जाळी आधी लावून घ्या.